पाकिटासकट

नांदेडच्या घाटाला टपालाची आगबोट कधी लागली नाही. गोदावरी पावसाळ्यात काठ गिळत येते आणि उन्हाळ्यात खडक उघडे टाकून बाजूला सरकते. असल्या नदीवर बोटींचं वेळापत्रक कोण लावणार? तरीही जुन्या टपालाचा नाद लागलेल्या इथल्या माणसाला मिसिसिपी चुकवता येत नाही. टपालाचा इतिहास गोळा करणाऱ्यांच्या जगात तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या पाकिटांना मोठा मान आहे. १८२३ साली अमेरिकेनं कायदा केला, की ज्या पाण्यावरून आगबोटी नेमानं जातात ते सगळं पाणी टपालाचा रस्ता समजावं. नदीकाठचा मळेवाला बोट थांबली की कारकुनाच्या हाती पत्र द्यायचा, आणि बोट पुढच्या गावी पोचली की पत्र टपाल कचेरीत जमा व्हायचं. त्यावर ‘स्टीम’ किंवा ‘स्टीमबोट’ असा शिक्का बसायचा. काही बोटींनी तर स्वतःच्या नावाचे नक्षीदार शिक्के करून घेतले होते. संग्राहक आज तो शिक्का भिंगाखाली धरून बोट कोणती, कुठून निघाली, कुठं थांबली हे शोधत बसतात. पाकिटावरच्या तिकिटाकडं त्यांचं लक्ष नंतर जातं.

हे वाचत असताना मला नेहमी वाटतं, की आपला या नदीशी संबंध नाही असं म्हणणं खोटं ठरेल. त्या बोटी पत्रांबरोबर कापसाच्या गाठी वाहत होत्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली, मिसिसिपीवरची वाहतूक तुटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडं आणि आपल्या काळ्या रानाकडं वळली. कापसाचे भाव आभाळाला भिडले. हा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा, यावर सर आर्थर कॉटन यांच्याकडं उत्तर तयार होतं. गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे तेच हे कॉटन. गोदावरी आणि तिला मिळणारी प्राणहिता आगबोटींसाठी मोकळी करावी, मग वऱ्हाडातल्या गाठी थेट बंगालच्या उपसागराला जातील, असा त्यांचा ध्यास होता. काम सुरूही झालं. वाटेत खडकाळ धबधब्यांचे तीन अडथळे होते. दुम्मागुडेमजवळ पहिल्याला वळसा घालायला कालवा आणि बोटींसाठी दारं बांधली गेली, खालच्या पात्रात आगबोटी फिरल्या. पण तोवर १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली होती, अमेरिकेतली लढाई संपून भाव कोसळले होते, आणि १८७१ साली सरकारनं ती योजना गुंडाळून ठेवली. सिरोंचाच्या वरचं, आपल्याकडचं पात्र त्या नकाशात तसंही नव्हतंच.

म्हणून मराठवाड्यातल्या पाकिटावर बोटीचं नाव मिळत नाही. मिळतं ते एका राज्याचं, एका सरहद्दीचं आणि दोन रेल्वेंचं. मी नांदेड-लातूरकडची जुनी पाकिटं जमवतो ती यासाठी.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्याला स्वतःचं टपाल खातं होतं. सहावे निजाम महबूब अली खान १८६९ साली गादीवर आले तेव्हा ते अगदी लहान होते, कारभार दिवाण सालारजंग पाहत होते. त्याच साली हैदराबादचं पहिलं तिकीट निघालं, एक आण्याचं. पुढं १८७१ पासून लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीनं छापलेली तिकिटं आली आणि तीच नक्षी कितीतरी वर्षं चालू राहिली. ज्या साली गोदावरीवरच्या आगबोटींचं स्वप्न मिटलं त्याच साली ही तिकिटं आली, हा निव्वळ योगायोग. पण माझ्या वहीत ती दोन टिपणं शेजारी शेजारी पडली आहेत. या तिकिटांच्या इवल्याशा चौकटीत किंमत चार लिप्यांत लिहिली आहे: इंग्रजी, फारसी, तेलुगू आणि आपली देवनागरी. ज्या राज्याच्या कचेरीत आधी फारसी आणि पुढं उर्दू चालली, जिथं मराठी शाळेसाठी लोकांना झगडावं लागलं, तिथं अर्ध्या आण्याच्या कागदावर मात्र मराठी बिनबोभाट बसली होती. तिकीट शेवटी गावोगावच्या माणसाला विकायचं असतं, आणि त्याला किंमत वाचता आली पाहिजे एवढं व्यवहारज्ञान सरकारला होतं. १९३१ साली चित्रांची तिकिटं निघाली. त्यांत चारमिनार आहे तसंच आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार आहे. मराठवाड्याच्या वाट्याला राजधानीच्या कागदावर आलेली ही जागा, पण भारी किमतीच्या तिकिटांवर. साधं पत्र लिहिणाऱ्याच्या हाती ती क्वचितच पडत असतील.

खरी गंमत हे तिकीट कुठं थांबायचं त्यात आहे. संस्थानाचं तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालायचं. लातूरहून वरंगळला, म्हणजे शेकडो मैल दूर तेलुगू मुलखात पत्र पाठवायचं तर निजामाचं तिकीट पुरे होतं. लातूरहून बार्शीला पाठवायचं तर नाही, कारण बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. लेक बार्शीला दिलेली असेल तर तिचं पत्र परराज्यातलं, आणि कुणी नातलग हैदराबादेत नोकरीला असेल तर त्याचं घरचं. नांदेडच्या माणसाला उमरखेडची तीच गत, कारण पैनगंगेपलीकडं वऱ्हाड लागायचं. इंग्रजांच्या टपाल कचेऱ्या संस्थानातही होत्या. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशा छावणीच्या गावांत फौजेबरोबर त्यांचं टपाल आलं होतं. एका गावात दोन सरकारांची दोन टपालं, दोन प्रकारची तिकिटं आणि नाणीही दोन. इंग्रजांच्या शंभर कलदार रुपयांना निजामाच्या हाली सिक्क्याचे एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै मोजावे लागत. आडत दुकानाच्या मुनिमाला हा हिशेब तोंडपाठ असायचा. त्यामुळं त्या काळातलं एखादं पाकीट हातात आलं की पहिला प्रश्न असतो, हे कुठल्या दारातून गेलं? तिकीट राणीचं का राजाचं का निजामाचं, ‘बैरंग’ म्हणून दाम वसूल केलेत का, आणि मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का कुठला? या तीन गोष्टी जुळल्या की सरहद्द कशी ओलांडली जायची हे कुठल्याही गॅझेटियरपेक्षा स्पष्ट दिसतं.

शिक्का वाचणं हे मात्र वेगळं शिक्षण आहे. हैदराबादच्या अनेक शिक्क्यांवर तारीख उर्दूत आणि फसली सालाची असते. फसली वर्ष सहा ऑक्टोबरला लागायचं. त्यात ५९० मिळवले की त्या ऑक्टोबर ते डिसेंबरचं इसवी साल येतं, आणि पुढच्या जानेवारीपासून ५९१ मिळवायचे. महिन्यांची नावं इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अशी आबानपर्यंत. मराठवाड्यातल्या शाळेच्या जुन्या दाखल्यांवर, जमिनीच्या कागदांवर हेच महिने आहेत. सत्तरी ओलांडलेल्या कुणा पटवाऱ्याच्या मुलाला विचारलं तर तो अजून बोटांवर मोजून सांगेल. माझ्या पिढीला हे पुस्तकातून शिकावं लागलं, आणि पुढच्या पिढीला ते शिकायचं आहे असं कुणी सांगितलेलंच नाही.

पाकिटाच्या वाटेचा दुसरा भाग रेल्वेचा. नांदेडच्या वाट्याला १९०० च्या सुमाराला हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची मीटरगेज आली. सिकंदराबादहून निघालेली ही गाडी नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जायची. लातूरची गोष्ट निराळी. तिथं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे आली. अडीच फुटांच्या रुळांवरची ही चिमुकली गाडी १८९७ साली बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावली आणि १९११ साली सरहद्द ओलांडून लातूरला पोचली. त्यानंतर लातूरच्या गंजाचा कापूस, गूळ, तूर, करडई या गाडीनं कुर्डुवाडीला आणि तिथून मुंबईला जाऊ लागली. व्यापारी जिकडं माल पाठवतो तिकडंच त्याची पत्रंही जातात. म्हणून नांदेडची जुनी पत्रं हैदराबाद आणि मनमाडकडं तोंड करून असतात, तर लातूरची बार्शी, सोलापूर आणि मुंबईकडं. दोन्ही गावं एकाच राज्यात, एकाच मराठवाड्यात, पण त्यांच्या पत्रांच्या वाटा वेगळ्या.

ही वाट आजही पुसलेली नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड आला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं केली. संस्कृतमध्ये लिहिणारे विद्वान म्हणूनही त्यांची ओळख आहे. लातूरचा पिनकोड ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१. पहिले तीन आकडे बघा. लातूरचे ४१३ हे सोलापूरचेही आहेत. नांदेडचे ४३१ औरंगाबादचे (आताच्या छत्रपती संभाजीनगरचे), जालन्याचे, परभणीचे. अडीच फुटी रूळ उखडले गेले, तिथं मोठे रूळ आले, लातूर १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झाला, तरी लातूरच्या पत्राचा आकडा अजून कुर्डुवाडीच्याच दिशेचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं तेव्हा पाण्याची जलदूत गाडी मिरजेहून आली, तीही कुर्डुवाडीवरून, कॅलथ्रॉपच्याच जुन्या वाटेनं.

पाकिटात काय असायचं, हेही सांगायला हवं. संस्थानी काळातली माझ्याकडची बहुतेक पत्रं दुकानाची आहेत. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते जिथं एकत्र येतात तिथल्या जुन्या पेढ्यांतून, नांदेडच्या वजिराबाद भागातल्या माळ्यांवरून रद्दीत गेलेली. वर ‘श्री’ आणि लगेच भाव. सरकी काय भावानं गेली, गुळाची आवक किती, वरचा पाऊस कसा. मजकूर कधी मोडीत, कधी मारवाडी वाणिकांच्या लिपीत, पत्ता मात्र उर्दूत, कारण वाटणाऱ्या शिपायाला ते वाचता यायला हवं. नांदेडच्या टपालात गुरुमुखीही भेटते. गुरू गोविंदसिंगांचं निर्वाण १७०८ साली इथं झालं, आणि सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेल्यांनी पंजाबात खुशाली कळवलेली कार्डं दोन-तीन लिप्या अंगावर घेऊन असतात.

अशा बहुतेक पत्रांच्या मधोमध एक भोक असतं. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा अशी तार प्रत्येक दुकानात टांगलेली असायची आणि उत्तर लिहून झालं की पत्र त्या तारेत ओवलं जायचं. लिलावात असल्या भोकाचे पैसे कापतात. मला ते भोक आवडतं. पत्र आलं, वाचलं, उत्तर दिलं आणि जपून ठेवलं, याची ती पावती आहे. ज्या पत्राला तारेवर जागा मिळाली नाही ते चुलीत गेलं.

आता दुःखाची बाजू. ही पत्रं ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी लिहिली त्या घरांत ती वाचणारं कुणी उरलेलं नाही. आजोबांना उर्दू यायची, मोडी यायची. वडिलांना बोलीतली उर्दू कळायची. नातवाला दोन्ही नाहीत. घरातल्या माणसानं लिहिलेला कागद घरातल्यांनाच वाचता येत नाही, असं मराठवाड्याइतकं कुठं झालं असेल असं मला वाटत नाही. मग तो कागद ‘कसलं तरी निजामाच्या वेळचं’ ठरतो आणि रद्दीवाल्याच्या तराजूत पडतो. रद्दीवाला शहाणा असेल तर तिकीट फाडून बाजूला ठेवतो आणि उरलेलं पाकीट पुठ्ठ्याच्या गिरणीला पाठवतो. इथंच सगळं मातीमोल होतं. ते तिकीट हजारोंनी, लाखोंनी छापलेलं असतं, कुठल्याही अल्बममध्ये मिळतं. नाव, गाव, पेढी, शिक्के, तारीख, वसूल केलेला दाम आणि पत्र गेलेली वाट हे सगळं पाकिटावर असतं, आणि तसं पाकीट जगात एकच असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मराठवाड्याच्या इतिहासातच आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आलं आणि मराठवाडा मुक्त झाला, हे आपण दरवर्षी झेंडा लावून सांगतो. फसली १३५७ चा शेवटचा महिना आबान तेव्हा चालू होता. पण त्या दिवसानंतरही नांदेडच्या, लातूरच्या टपालात निजामाचीच तिकिटं चालू राहिली. लष्करी अंमल आला, वर्ष उलटलं, २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, निजाम उस्मान अली खान राजप्रमुख झाले, तरी संस्थानाचं टपाल खातं होतंच. ते भारताच्या टपाल खात्यात विलीन झालं १ एप्रिल १९५० ला. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ प्रजासत्ताक भारताचा नागरिक नांदेडमध्ये निजामाचं तिकीट डकवून पत्र टाकू शकत होता, आणि उमरखेडला त्याच वेळी भारताची तिकिटं चालू होती. एक राज्य कसं संपतं हे तिथं दिसतं. फौज चार-पाच दिवसांत जिंकते, पण नाणी, तारखा, तिकिटं आणि सवयी सावकाश जातात. आपल्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपण सत्याग्रह, सरहद्दीवरच्या छावण्या, रझाकार आणि पोलीस ॲक्शन यांच्या आठवणींतून लिहिला आणि ते योग्यच झालं. त्या दिवसांत सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार कसा चालला होता, हे मात्र अजून कुणी नीट लिहिलेलं मला दिसलं नाही. ते लिहायचं तर साधन म्हणून फेब्रुवारी-मार्च १९५० चं, शिक्का स्पष्ट असलेलं एक अखंड पाकीट हवं. ते तिकीट कापून अल्बममध्ये लावलं की हाती उरतो एक रंगीत चौकोन आणि त्याचा इतिहास गेलेला असतो.

दुसऱ्याची पत्रं वाचावीत का, हा प्रश्न मला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. माझा नियम साधा आहे. पाकीट जगासमोर ठेवायचं, आतला घरगुती मजकूर नाही. भाव, पाऊस, आवक-जावक हे सगळ्यांचं. कुणाच्या सुनेचं दुखणं, कुणाची कर्जाची विनवणी ही त्या घराची. घरचे लोक सापडले तर कागद त्यांना दाखवायचा आणि त्यांना हवा असेल तर परत द्यायचा. संग्रह म्हणजे मालकी असं मानणाऱ्याला हे पटणार नाही, पण टपालाचा इतिहास हा मुळात दुसऱ्याच्या विश्वासावर उभा आहे.

अमेरिकेत मिसिसिपीच्या बोटींचा इतिहास उभा राहिला त्यात सरकारी दफ्तरांइतकाच वाटा पाकिटं न कापणाऱ्या माणसांचा आहे. बोटी फुटल्या, जळाल्या, बुडाल्या, पण नावं पाकिटांवर राहिली. आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची माळवदं कोसळली तेव्हा माणसांबरोबर घराघरांतल्या ट्रंकाही गेल्या. ते आपल्या हाती नव्हतं. जे उरलं आहे ते मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून एवढीच विनंती. घरात, दुकानाच्या माळ्यावर, मंदिराच्या किंवा मठाच्या कपाटात जुनी तार, गाठोडं किंवा पत्र्याची पेटी असेल तर ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडा. तिकीट कापू नका, सोलू नका, पाण्यात भिजवू नका. चिकटपट्टी लावू नका, टाचण्या काढा, पाकीट आणि पत्र एकत्र ठेवा, आणि कुठल्या घरातून, कुठल्या गावातून मिळालं ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहून सोबत ठेवा. उर्दू किंवा मोडी वाचणारं एखादं म्हातारं माणूस गावात असेल तर त्याच्याकडं या महिन्यातच जा, पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका. आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी जुनं पत्र पाकिटासकट तेवढं जपून ठेवा.